धोक्याची वही आणि आमची साक्ष

दलित साहित्यावर आरंभापासून एक आक्षेप घेतला गेला. हे साहित्य नव्हे, दस्तऐवज आहे. यात अनुभव आहे पण कला नाही, असे सांगितले गेले. या आक्षेपाला आजवर पुष्कळांनी उत्तरे दिली. शरणकुमार लिंबाळे यांनी तर 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) हा ग्रंथच लिहिला. त्या वादात मी येथे शिरत नाही. मला उलट बाजूने एक प्रश्न विचारायचा आहे. आम्हाला दस्तऐवज म्हणून हिणवणाऱ्यांनी, आणि आम्ही स्वतःही, खऱ्याखुऱ्या दस्तऐवजाकडे समीक्षेच्या डोळ्याने कधी पाहिले आहे काय? ज्या कागदावर आमच्या माणसाच्या जिवाचा हिशेब मांडला जातो, त्या कागदाची भाषा कोणी तपासली आहे काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा माझा एक विद्यार्थी सुट्टीत सेंट्रिंगच्या कामावर जातो. त्याचे मामा अमरावतीच्या एका इमारतीवर बाहेरचा गिलावा करीत असताना परांचीवरून खाली आले. पाय मोडला, कंबर गेली. ठेकेदाराच्या माणसाने दवाखान्यात येऊन एका कागदाची नक्कल दाखवली. ती नक्कल घेऊन हा विद्यार्थी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हे इंग्रजीत हाय. मामानं कायले अंगठा देल्ला, तेवढं वाचून सांगा."

तो कागद सकाळच्या सुरक्षा बैठकीचा होता. मोठ्या बांधकामांवर काम सुरू होण्यापूर्वी मजुरांना उभे करून पाच-दहा मिनिटे त्या दिवसाच्या धोक्यांविषयी सांगायचे आणि हजेरीच्या कागदावर सह्या घ्यायच्या, ही पद्धत आता आमच्याकडेही आली आहे. कागदावर तारीख होती, विषय होता 'उंचीवरील काम', खाली नावे होती आणि अर्ध्याहून अधिक नावांपुढे अंगठे होते. मधल्या मजकुरातले मुख्य वाक्य मराठीत आणले तर असे होते: कामगारांना उंचीवरील कामातील धोक्यांची जाणीव करून देण्यात आली व सुरक्षा पट्टे वापरण्याची सूचना देण्यात आली.

नंतर मी मामांना भेटलो. ते जे बोलले ते असे: "काथ्या वला झाला का आवळते, वाळला का ढिला पडते. तीन दिसापासून पाणी येऊन रायलं होतं, मंग कडक ऊन पडलं. मी मुकादमाले म्हनलं, बांध एकदा पाहून घ्या. तो म्हने, गिलावा आज सपला पायजे." पट्ट्याचे विचारले तेव्हा म्हणाले, "पट्टा देल्ला होता. पन अडकवाचा कशाले? त्याच परांचीले?"

एकाच घटनेवरची ही दोन गद्ये आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून वाचली पाहिजेत, कारण साहित्याचा अभ्यास करणाऱ्याला दुसरे काय येते?

१

कागदावरचे वाक्य कर्मणी प्रयोगातले आहे. जाणीव 'करून देण्यात आली'. कोणी दिली हे त्यात नाही. कोणत्या धोक्याची, हेही नाही. बांबू कोणता, बांध कोणता, वारा होता की पाऊस, काही नाही. हे वाक्य कोणत्याही दिवशी कोणत्याही इमारतीवर चालते, आणि ते तसे चालावे म्हणूनच लिहिलेले आहे.

मामांच्या वाक्यात कारण आहे. सुताच्या, काथ्याच्या दोराला पाणी लागले की तो फुगून आवळतो आणि वाळला की सैल होतो, हे वस्तूचे ज्ञान आहे. त्यात काळ आहे, कारण तीन दिवसांचा पाऊस आणि मागून आलेले ऊन यांचा क्रम आहे. त्यात उपाय आहे, की बांध पुन्हा तपासा. आणि हे कोणाला सांगितले व त्याने काय उत्तर दिले, याची साक्ष आहे. धोक्याची नोंद जर कोणाला म्हणायचे असेल तर ती हीच. पण ती वहीत नाही. वहीत मामांचा फक्त अंगठा आहे.

'जाणीव' हा शब्द पाहा. हा आमचा शब्द आहे. दलित जाणीव म्हणजे आपल्या स्थितीचे स्वतःला झालेले भान, खालून वर येणारे. कागदात तोच शब्द वरून खाली येतो. ज्याच्याजवळ धोक्याचे सर्वांत पक्के ज्ञान आहे, त्यालाच अजाण ठरवून जाणीव 'करून दिली' जाते. हा केवळ भाषेचा दोष नाही. ज्याच्या हाताला माहीत आहे त्याच्या तोंडाला विचारायचे नाही, ही या देशातली फार जुनी व्यवस्था आहे. तिला आम्ही दुसऱ्या नावाने ओळखतो.

आमच्या वऱ्हाडात असे ज्ञान गावोगाव पडलेले आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. नालीसाठी खोल चर खणणाऱ्याला ठाऊक असते की वरच्या भेगेत पाणी मुरले की काठ उभाच्या उभा सुटतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला असता तापलेली सळई उघड्या हाताने कोणत्या वेळेनंतर धरवत नाही, हे सळई बांधणाऱ्याला ठाऊक असते. हे कोणत्या छापील तक्त्यात आहे? मेळघाटातून उतरून आलेला कोरकू मजूर तर ज्या कागदावर अंगठा देतो तो त्याच्या मातृभाषेत तर नाहीच, मराठीतही नसतो. त्याच्या भाषेत धोक्याला काय म्हणतात, हे त्या बैठकीत कोणी विचारल्याचे मी ऐकले नाही.

२

कोणी म्हणेल, मास्तर, हे शब्दांचे खेळ झाले. पाय मोडला तो भाषेने मोडला नाही. खरे आहे. पण पाय मोडल्यानंतर काय मिळायचे ते भाषेनेच ठरते, म्हणून कायद्याकडे वळू.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात मालकाची जबाबदारी होती आणि तिला अपवादही होते. कामगार नशेत असेल, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकले असेल, तर मृत्यू वा कायमचे संपूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांसाठी मालक जबाबदार धरला जात नसे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा अपवाद पुढे आला आहे. आता तो सकाळचा कागद पुन्हा वाचा. 'सूचना देण्यात आली' हे वाक्य कोणासाठी लिहिले आहे? ते मजुराला वाचवण्यासाठी आहे, की आदेश स्पष्टपणे दिला होता याचा पुरावा तयार ठेवण्यासाठी? मामांचा अंगठा पडण्याच्या आधीच त्यांच्या विरुद्ध साक्ष देऊन बसला होता. शेवटी दवाखान्याचा खर्च आणि वर थोडी रक्कम यांवर प्रकरण मिटले, आणि मिटल्याच्या कागदावरही अंगठाच लागला.

एकलव्याच्या अंगठ्यावर आम्ही पुष्कळ लिहिले. पण त्याच १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याची किंमत लिहिलेली होती, ती आम्ही वाचली नाही. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे धरावे. एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. हा तक्ता क्रूर आहे असे मी म्हणणार नाही. भरपाई मोजायला माप लागतेच. पण हे माप हातात पडायचे तर आधी अपघात कामावर झाला हे सिद्ध झाले पाहिजे, आणि सिद्ध करणारी वही ज्याचे बोट गेले त्याच्या हातात कधीच नसते.

कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हते असेही नाही. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा समिती बंधनकारक केली आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत असे म्हटले. १९९८ च्या केंद्रीय नियमांत समितीची विषयपत्रिका व इतिवृत्त बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असावे अशी तरतूद होती. म्हणजे बैठक ही उपदेशाची जागा नव्हे, बोलण्याच्या हक्काची जागा आहे, हे तत्त्व मान्य झालेले होते. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नाव बदलले. परंतु चार-सहा मजुरांना घेऊन घर बांधणारा मिस्तरी, ज्याच्या हाताखाली आमचे बहुसंख्य लोक राबतात, तो जुन्या कायद्याच्याही बाहेर होता आणि नव्याच्याही बाहेर आहे. १९९६ चा कायदा दहापेक्षा कमी कामगारांच्या कामाला लागूच नव्हता.

आणि कागदाचा आणखी एक विनोद पाहा. बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवायचे तर वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते मिळवण्यासाठी मजूर ठेकेदाराच्या, ग्रामसेवकाच्या, नगरपालिकेच्या दारी खेटे घालतो. 'याने काम केले' हे लिहून द्यायला कोणी तयार नसते. 'याला सांगितले होते' हे मात्र रोज सकाळी न मागता लिहिले जाते.

३

आता साहित्याकडे. अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आपण पाठ्यपुस्तकासारखी वाचली. भीमा खाणीत दगड फोडणारा. खाण बंद पडते, पोटासाठी तो मुडद्यांच्या अंगावरचे सोने शोधू लागतो, एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती त्याला गमवावी लागतात. नंतर कळते की खाण पुन्हा सुरू झाली, आणि डोंगर फोडणारा तो माणूस रडतो, कारण दगड फोडणारा हातच आता उरलेला नाही.

या कथेची समीक्षा भूक, दारिद्र्य, अघोरीपणा यांच्या अंगाने झाली. मला ती कामावरच्या इजेची कथा वाटते. भीमाची बोटे खाणीत गेली असती तर निदान एक तक्ता होता, टक्केवारी होती. ती स्मशानात गेली म्हणून ती कोणत्याच वहीत नाहीत. पण त्याला स्मशानात कोणी पाठवले? खाण बंद करणाऱ्याने. अण्णा भाऊंनी कारणाची साखळी जिथपर्यंत नेली तिथपर्यंत कोणताही अपघात-अहवाल जात नाही. अहवाल शेवटच्या कडीशी थांबतो आणि म्हणतो, तोल गेला. कथा पहिल्या कडीपर्यंत जाते. साहित्य दस्तऐवजापेक्षा श्रेष्ठ असते ते अलंकारांनी नव्हे, याने.

दया पवारांची धरणावर राबणाऱ्या बाईची कविता घ्या. ती ओवीच्या वळणाची आहे आणि सभांमधून गायली गेली. तिचे बळ तिच्या सर्वनामात आहे. धरण बांधणारी बाई 'मी' म्हणून बोलते. शासकीय अहवालात धरण 'बांधण्यात येते'. कवितेत ते एक बाई बांधते आणि त्यात आपण झिजतो आहोत हे तीच सांगते. कर्मणी प्रयोगाला कर्तरी प्रयोगाने दिलेले हे उत्तर आहे. दलित साहित्याने मराठीला काय दिले, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, ज्यांची नावे दुसऱ्याच्या वहीत होती त्यांना 'मी' म्हणण्याची जागा दिली.

४

मग हे काम पूर्ण झाले काय? एका इमारतीच्या परांचीवरून आपल्या भागातल्या सर्वांत गाजलेल्या कामाकडे येऊ. जून २०२२ मध्ये, ३ ते ७ तारखेदरम्यान, मृग लागायच्या तोंडावर, अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्यात आला. गिनीज बुकात नोंद झाली. कतारमधल्या दोह्याचा २०१९ सालचा २५.२७५ किलोमीटरचा विक्रम मोडला. बातमीत आले की स्वतंत्र सल्लागारांच्या पथकासह ७२० जण रात्रंदिवस राबले.

मी येथे कोणावर आरोप करीत नाही. रस्ता आम्हालाही हवा होता आणि आम्ही त्यावरूनच जातो. मी फक्त शब्द वाचतो. इंग्रजीत विक्रमालाही रेकॉर्ड म्हणतात आणि नोंदीलाही. विक्रम झाला तेव्हा किलोमीटर दशांशापर्यंत आणि वेळ मिनिटापर्यंत मोजली गेली. माणसे मात्र एका आकड्यात मावली. शिजत्या डांबराजवळ जूनच्या दुपारी उभे राहणे म्हणजे काय, तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा किती वेळाने बदलावा लागतो, रात्रपाळीत डोळा लागला तर मागे येणाऱ्या रोलरचे काय, हे सांगणारा एक तरी 'मी' त्या विक्रमाच्या बातम्यांत मला भेटला नाही. आणि ही तक्रार फक्त पत्रकारांविरुद्ध नाही. तो रस्ता आमच्या दारावरून गेला. आमच्यापैकी कोणत्या कवीने, कोणत्या कथाकाराने त्या ७२० जणांपैकी एकाला बोलते केले?

समृद्धी महामार्गाचे तसेच. २० ऑगस्ट २०२१ रोजी बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यात त्या कामावरचे मजूर आणि लोखंडी सळया एकाच टिप्परमधून नेत असता तो उलटला आणि १३ मजूर गेले. टिप्पर उलटला, म्हणून तो रस्त्यावरचा अपघात. पण ती माणसे प्रवासी नव्हती. ती कामावर होती, आणि सळयांच्या बरोबरीने वाहून नेली जात होती. ३१ जुलै २०२३ च्या रात्री, १ ऑगस्ट उजाडण्यापूर्वी, शहापूर तालुक्यात सरळांबे येथे पुलाचे गर्डर बसवणारे अवाढव्य यंत्र कोसळून २० जण मृत्यू पावले. वारसांना मदत जाहीर झाली. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन महामार्ग पूर्ण झाला. मृत्यूनंतर मजूर पुन्हा आकडा होतो. एकटादुकटा गेला तर आमच्या भागात पोलीस 'मर्ग' दाखल करतात, 'अकस्मात मृत्यू' लिहितात. जे तीन दिवस आधी मुकादमाला सांगितले गेले होते, ते अकस्मात कसे?

५

बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले की जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला दलित रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन्हींना कामगारांचे शत्रू म्हटले. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला विणकाम खात्यात शिरकाव नव्हता, कारण धागा तोंडाने ओढावा लागे. चांगल्या पगाराचे खाते विटाळाच्या नावाने बंद होते. त्या विचाराला आज एक पायरी पुढे नेले पाहिजे. कामाची वाटणी झाली की धोक्याचीही वाटणी होते. वडाराने दगड फोडायचा, मातंग-बौद्धाने चर खणायचा, कोरकू बाईने घमेले वाहायचे, परप्रांतातून आलेल्याने सर्वांत उंच जायचे. आणि त्या धोक्याविषयी लिहायचे मात्र वातानुकूलित खोलीत बसलेल्याने. धोका एकाचा आणि धोक्याची वही दुसऱ्याची, ही वाटणी वर्णव्यवस्थेला शोभणारीच आहे. त्या खोलीत आता आमचीही काही शिकलेली मुले सुरक्षा अधिकारी म्हणून बसतात. तीही तेच कर्मणी वाक्य लिहितात, कारण नमुना तसाच छापून आलेला असतो.

येथे आमच्या साहित्यावर टीका करणे भाग आहे. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०) यांनी वाट पाडली. परंतु त्यानंतर आत्मकथनाचा एक साचा झाला. नायक हाल सोसतो, शिकतो, नोकरीला लागतो, आणि पुस्तक संपते. जो शिकला त्याने 'मी' मिळवला. जो परांचीवरच राहिला तो त्याच्या पुस्तकात 'बाप', 'भाऊ', 'मामा' झाला, म्हणजे तृतीय पुरुष झाला. मी स्वतः या साच्याबाहेर नाही. आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस मी. त्या विद्यार्थ्याने कागद माझ्याकडे आणला तो मला इंग्रजी येते म्हणून. तो येण्यापूर्वी इतकी वर्षे मी बांधकामांशेजारून कॉलेजला जात होतो आणि सकाळी रांगेत उभी राहिलेली ती माणसे मला कवायतीसारखी दिसत होती.

कागद नकोच, असे माझे म्हणणे नाही. ज्या समाजाला शतकानुशतके कागदापासून दूर ठेवले गेले त्याने कागदाला तुच्छ मानणे हे आत्मघाताचे ठरेल. संविधान हाही कागदच आहे. बैठक व्हावी, नोंद व्हावी, पट्टा आणि टोपी मिळावी. पण बैठकीत आधी मजुराने बोलावे. त्याने सांगितलेला धोका त्याच्याच शब्दांत, त्याच्या भाषेत लिहिला जावा. त्यावर काय केले हे दुसऱ्या दिवशी त्याला वाचून दाखवावे. आणि मगच सही घ्यावी. ही मागणी कामगार संघटनांची आहे तशी ती साहित्याचीही आहे, कारण मुळात ती 'मी' म्हणण्याची मागणी आहे.

आमच्या महाविद्यालयांतले मराठी विभाग बोलीभाषेचे प्रकल्प करतात, म्हणी गोळा करतात. त्यांनी हे काम हाती घ्यावे. सुट्टीत कामावर जाणारी आमचीच मुले आहेत. त्यांच्या हाती एक वही द्यावी. तिचे साहित्य होईल की दस्तऐवज, ही चिंता आज करू नये. एकदा त्या वादात आपण पुष्कळ वर्षे घालवली आहेत.

त्या विद्यार्थ्याने अशी एक वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर मामांचे काथ्याचे वाक्य आहे. लिहून झाल्यावर त्याने ते त्यांना वाचून दाखवले. त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या ऐकले आणि एक दुरुस्ती सांगितली: "मुकादमाले एकडाव नाही, दोनडाव म्हनलं होतं. दोन लिही."

त्याने दोन लिहिले.